सन्मान आणि सांभाळ

माणसांची चरित्रे आपण आवडीने वाचतो. वस्तूंची चरित्रे मात्र सहसा कुणी लिहीत नाही. खरे पाहता काही वस्तूंचे आयुष्य माणसाच्या आयुष्याहून लांब, अधिक चढउतारांचे आणि अधिक विचार करायला लावणारे असते. जहाजाच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. घर एका जागी उभे असते. माणसे त्याच्याकडे येतात आणि जातात. जहाज मात्र माणसासारखे हिंडते, लढते, जखमी होते, शत्रूच्या हाती सापडते आणि म्हातारे होते. शेवटी, माणसाच्या बाबतीत होते तसेच, आता याचे करायचे काय, हा प्रश्न मागच्यांना पडतो.

अशाच एका जहाजाचे चरित्र गेले काही दिवस माझ्या मनात घोळत आहे. ते जन्माने फ्रेंच, त्याची सारी चाकरी इंग्रजांकडे, आणि त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यावर दोन्ही देशांची निशाणे फडकत होती. त्या मृत्यूविषयी वाचल्यापासून एक प्रश्न मला सोडीत नाही. ज्याने आपली जन्मभर सेवा केली त्याचे आपण देणे काय लागतो? त्याचा सन्मान केला म्हणजे ते देणे फिटते का?

आधी ते चरित्र सांगतो.

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर रोशफोर नावाचे बंदर आहे. तेथील आरमारी गोदीतून १८०० साली ७४ तोफांचे एक लढाऊ जहाज पाण्यात उतरले. त्या काळच्या आरमारांचा खरा कणा म्हणजे ही ७४ तोफांची जहाजे. फार मोठी नव्हेत, की वळवताना जड जावीत. फार लहान नव्हेत, की लढाईच्या मुख्य रांगेत टिकू नयेत. सतराव्या-अठराव्या शतकांतील द्युगे-त्रुएं या गाजलेल्या फ्रेंच दर्यावर्दी वीराचे नाव या जहाजाला देण्यात आले. नाव शूराचे, पण नशीब काही तसे नव्हते.

२१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गरची लढाई झाली. फ्रेंच आणि स्पॅनिश मिळून ३३ मोठी जहाजे एका बाजूला, नेल्सनची २७ दुसऱ्या बाजूला. आपले जहाज फ्रेंचांच्या आघाडीच्या तुकडीत होते. नेल्सनने हल्ला चढवला तो रांगेच्या मध्यावर आणि पिछाडीवर. आघाडीची तुकडी वळून मदतीला येईपर्यंत लढाईचा निकाल लागून गेला होता. तिचा सेनानी द्युमान्वार चार जहाजे घेऊन निसटला. त्यांत हेही होते. पण हे सुटकेचे सुख पुरते दोन आठवडेसुद्धा टिकले नाही. ४ नोव्हेंबरला स्पेनच्या उत्तर टोकाशी, ऑर्तेगाल भूशिराजवळ, सर रिचर्ड स्ट्रॅकनच्या इंग्रजी तुकडीने त्या चौघांना गाठले. या वेळी मात्र चौघेही लढले. आपल्या जहाजाचा कप्तान तूफे लढता लढता पडला आणि अखेर चारही जहाजे इंग्रजांच्या हाती लागली.

इंग्रजांनी जहाज दुरुस्त केले, आपल्या आरमारात घेतले आणि त्याचे नाव बदलून ठेवले ‘इम्प्लॅकेबल’. ज्याचा कोप कशानेही शांत होत नाही असा, हा त्या शब्दाचा अर्थ. फ्रान्सच्या हाती ते पाच वर्षे होते. इंग्लंडच्या हाती पुढे १४४ वर्षे राहिले. १८०८ साली बाल्टिक समुद्रात त्याने ‘सेंटॉर’ या जोडीदाराबरोबर ‘व्सेवोलोद’ नावाच्या रशियन जहाजाचा नाश केला. १८४० साली सीरियाच्या किनाऱ्यावरील मोहिमेत ते होते. म्हणजे जन्मदात्यांसाठी त्याने जे केले त्याच्या कितीतरी पट त्याने पकडणाऱ्यांसाठी केले. बिचाऱ्या लाकडाला त्यात निवड कसली? सुकाणू ज्याच्या हाती त्याच्या दिशेने ते जाणार. तरीही आपण जहाजाला शूर म्हणतो, इमानी म्हणतो. त्या लाकडाच्या आधाराने जी माणसे जगली आणि मेली, त्यांचे गुण आपण त्याच्या नावावर जमा करतो. मला यात काही गैर वाटत नाही. उंबरठ्यावर आपण पाय देत नाही तो लाकडासाठी थोडाच?

पुढे वाफेची जहाजे आली, मग लोखंडाची. शिडांच्या जहाजांचे दिवस सरले. या वळणावर बहुतेक जुन्या जहाजांच्या नशिबी येई ते मोडणे, किंवा कैदी नाहीतर दारूगोळा ठेवण्याचे कोठार होऊन कुजणे. ‘इम्प्लॅकेबल’ला मात्र वेगळेच काम मिळाले. १८५५ साली डेव्हनपोर्टच्या बंदरात ते आरमारात भरती होणाऱ्या मुलांचे शिक्षण-जहाज झाले. कोवळ्या वयाची मुले तेथे येत, तेथेच झोळ्या बांधून निजत, आणि दोरखंडाच्या गाठी मारणे, डोलकाठीवर चढणे, वल्ही मारणे, पहारा देणे हे सारे तेथे शिकत.

हे वाचताना मला शांतिपर्वाची आठवण झाली. भीष्म लढले कौरवांच्या बाजूने. ते पडले, आणि विजयी झालेला युधिष्ठिर राज्य कसे करावे हे शिकायला गेला तो त्या शरपंजरी पडलेल्या भीष्मांकडेच. ज्याला आपण पाडले त्याच्याच पायाशी बसून शिकायचे, ही गोष्ट आपल्या परंपरेला अपमानाची वाटली नाही. उलट शहाणपणाची वाटली. इंग्रजी मुले ट्रफाल्गरच्या पराभूत जहाजावर दर्यावर्दीपण शिकली, त्यातही असेच काही आहे. जिंकणाऱ्याला जिंकण्याची विद्या अवगत असते. टिकण्याची विद्या पुष्कळदा हरलेल्याकडून घ्यावी लागते.

१९०८ साली आरमाराने हे जहाज विक्रीला काढले. राजा सातव्या एडवर्डने मध्ये पडून ते थांबवले, असे सांगतात. मग १९१२ साली व्हीटली कॉब नावाच्या एका हौशी धनिकाने ते सांभाळायला मागून घेतले आणि फालमथच्या बंदरात मुलांसाठी पुन्हा शिक्षण-जहाज म्हणून चालवले.

या कॉबची कहाणी येथे सांगितलीच पाहिजे, कारण तीतून एक धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो. ‘फूद्रवायाँ’ हे नेल्सनचे एकेकाळचे जहाज भंगारात जात असताना १८९२ साली कॉबने विकत घेतले होते. १८९७ च्या वादळात ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर ते फुटले. त्याच वर्षी भंगाराच्या वाटेवर असलेले दुसरे एक जुने जहाज त्याने घेतले आणि बुडालेल्या जहाजाची आठवण म्हणून त्यालाही ‘फूद्रवायाँ’ हेच नाव दिले. या दुसऱ्या जहाजाचे मूळ नाव ‘त्रिंकोमाली’. ते मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली, मलबारी सागवानाचे बांधले गेले. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते मुंबईच्या पाण्यात उतरले. त्याचे नकाशे इंग्लंडहून ‘जावा’ नावाच्या जहाजावरून येत होते. वाटेत १८१२ साली ते जहाज अमेरिकनांच्या हाती पडले, आणि नकाशे पुन्हा काढून पाठवावे लागले. जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकून शुभारंभ करायची वाडियांची रीत होती.

फालमथच्या बंदरात, आणि १९३२ नंतर पोर्ट्समथला, ही दोन म्हातारी जहाजे शेजारी शेजारी नांगरून होती. गंमत पाहा. इंग्रजी नावाचे जहाज जन्माने फ्रेंच, आणि फ्रेंच नावाचे जहाज जन्माने मुंबईकर! दोघांवर मुले चढत होती, उतरत होती, सुट्टीत राहायला येत होती. १९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, आरमाराने दोघांना मिळून ‘फूद्रवायाँ’ हे एकच नाव देऊन टाकले. जुळ्या बहिणी एकाच हाकेला ओ देतात, तसे.

आणि येथून दोघांच्या वाटा फुटल्या.

महायुद्ध संपले तेव्हा ‘इम्प्लॅकेबल’ची स्थिती वाईट होती. युद्धाच्या वर्षांत डागडुजी कोण करणार? लाकूड आतून कुजले होते. दुरुस्तीचा अंदाज निघाला तो फार मोठ्या रकमेचा. आरमाराने हात वर केले. फ्रान्सला विचारून पाहिले; पण युद्धाने पोळलेल्या फ्रान्सलाही ते झेपणारे नव्हते. अखेर २ डिसेंबर १९४९ रोजी ते इंग्लिश खाडीत, वाइट बेटापलीकडे, ओढून नेण्यात आले. त्यावर ब्रिटनचे आणि फ्रान्सचे निशाण शेजारी शेजारी फडकत होते. मग तळाशी लावलेले सुरुंग उडाले आणि दोन्ही निशाणांसकट जहाज पाण्याखाली गेले. ट्रफाल्गरला एकमेकांवर तोफा डागणारी ती दोन निशाणे एकत्र आली, ती दोघांपैकी कुणालाही नकोशा झालेल्या जहाजाच्या अंत्यविधीला.

मला हा प्रसंग विलक्षण हृद्य वाटतो, आणि तितकाच अस्वस्थ करणाराही. किती देखणा सन्मान! आणि किती स्वस्त!

आता कुणी म्हणेल, हे बोलणे सोपे आहे. १९४९ चे इंग्लंड डोळ्यांपुढे आणा. बाँबने उद्ध्वस्त झालेली शहरे, घरांसाठी ताटकळणारी कुटुंबे, साखरेपासून मांसापर्यंत सारे शिधापत्रिकेवर. अशा वेळी कुजक्या लाकडावर सरकारने पैसा ओतायचा? ज्या आईला मुलासाठी पुरेशी साखर मिळत नाही तिला जाऊन सांगायचे, की बाई, आम्ही ट्रफाल्गरचे एक जहाज राखले आहे? हा आक्षेप खोटा नाही. जिवंत माणसाची गरज आणि मेलेल्या काळाची आठवण यांत निवड करायची वेळ आली, तर मीही माणसाच्याच बाजूने हात वर करीन. ज्यांनी तो निर्णय घेतला त्यांना मी निष्ठुर म्हणणार नाही.

परंतु या आक्षेपात एक गोष्ट लपून राहते. आपण विचार करतो तो शेवटच्या दिवसाचा. त्या दिवशी खर्च खरोखरच परवडणारा नसतो. पण तो तसा झाला कसा? एक फळी सडली तेव्हा ती बदलायला फार पैसे लागले नसते. दहा फळ्या सडल्या तेव्हाही कदाचित जमले असते. दर वर्षी कुणीतरी म्हणाले असेल, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी पाहू. त्यांपैकी कुणीही जहाज बुडवायचे ठरवले नव्हते. किंबहुना कुणी काहीच ठरवले नव्हते, आणि म्हणूनच शेवटी ठरवण्यासारखे काही उरले नाही. न घेतलेल्या अनेक लहान निर्णयांची बेरीज होते आणि तिला आपण ‘नाइलाज’ म्हणतो. जहाज ज्या दिवशी बुडाले त्या दिवशी कुणी अपराध केला असे मला वाटत नाही. अपराध असलाच तर तो त्या आधीच्या निवांत वर्षांत वाटला गेला आहे, इतका बारीक वाटला गेला आहे की कुणाच्याच वाट्याला तो बोचण्याइतका आला नाही.

हे केवळ जहाजांपुरतेच खरे असते तर मी तुमचा दिवाळीचा वेळ घेतला नसता. आपल्या घरांकडे पाहा. वडील माणसाचे सहस्रचंद्रदर्शन आपण केवढ्या थाटाने करतो! सोन्याची फुले उधळतो, ओवाळतो, लांबलांबचे नातेवाईक येतात, गोडधोड होते, छायाचित्रे निघतात. ते करू नये असे मी म्हणत नाही. त्या दिवशी त्या थकल्या चेहऱ्यावर जे हसू येते ते खरेच असते. पण सोहळा संपल्यावर रात्री दोन वाजता उठून पाणी द्यायचे, तेच ते सांगितलेले पुन्हा ऐकून घ्यायचे, औषधाची वेळ सांभाळायची, हे कुणी करायचे? बहुधा ते करणारी एकच सून किंवा एकच लेक असते, आणि समारंभाच्या छायाचित्रात ती नसते, कारण ती आत पाने वाढीत असते. सन्मान करायला शंभर माणसे मिळतात. सांभाळ करायला एक मिळाले तरी ते घर भाग्याचे.

सन्मान एका दिवसाचा असतो, सांभाळ रोजचा. सन्मानाने करणाऱ्याचेही नाव होते. सांभाळाने होत नाही. आणखी एक भेद मला महत्त्वाचा वाटतो. सन्मानात आपल्याला ती वस्तू, ती व्यक्ती, जशी होती तशी आठवते: तरुण, लढणारी, शिडे फुगलेली. सांभाळात ती जशी आहे तशी पत्करावी लागते: गळणारी, चिडणारी, खर्चात टाकणारी. म्हणून सन्मान ही आठवणीवरची प्रीती आहे आणि सांभाळ ही माणसावरची. पहिली दुसऱ्या प्रीतीच्या जागी ठेवता येत नाही.

आपण मुंबईकरांनी तरी इंग्रजांकडे बोट दाखवू नये. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौकाही इंग्लंडात जन्मलेली आणि १९६१ साली आपल्या आरमारात आलेली. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात तिने जे केले ते घरोघर सांगितले गेले. १९९७ साली ती निवृत्त झाली. पुढे काही वर्षे मुंबईत ती संग्रहालय म्हणून होती. आईबाप मुलांची बोटे धरून ती पाहायला जात. मग तीच कहाणी: पोलाद गंजले, खर्च परवडेना, आणि २०१४ साली ती मोडीत निघाली. तिच्या धातूचे स्मारक झाले, तिचे नाव २०२२ साली नव्या नौकेला मिळाले. सन्मानात आपण कुठेच उणे पडलो नाही.

मग बुडालेल्या ‘इम्प्लॅकेबल’चे काहीच उरले नाही का? उरले. तिच्या मागल्या बाजूचे कोरीव सज्जे आणि नाळेवरची मूर्ती ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवली आहे. नांगराचे दोर ओढण्याचा रहाट रोशफोरला, तिच्या जन्मगावी, परत गेला. आणि तिसरी एक गोष्ट उरली, ती म्हणजे लोकांच्या मनाला लागलेली चुटपुट. काही वर्षांतच ‘कटी सार्क’ हे चहाची ने-आण करणारे जुने जलद जहाज मोडकळीला आले, तेव्हा ही चुटपुट कामी आली. ते जहाज १९५४ साली ग्रिनिचच्या कोरड्या गोदीत आणून राखले गेले. १९७९ मध्ये जगातील जुनी जहाजे राखण्यासाठी एक संस्था निघाली, आणि तिने घोषवाक्य घेतले ते या जहाजाच्याच नावाचे: ‘इम्प्लॅकेबल’ पुन्हा होणे नाही. मेल्यानंतरही ते शिक्षण-जहाजच राहिले, असे म्हणता येईल. मात्र पश्चात्तापाने वाचते ते नेहमी दुसरेच जहाज. ज्याच्यासाठी डोळे भरून आले ते तोवर तळाशी गेलेले असते.

आणि ते मुंबईकर जहाज? त्याच्यावर १९८६ पर्यंत मुले शिकत राहिली. मग ते हार्टलपूलला नेले, जुने ‘त्रिंकोमाली’ हे नाव परत दिले आणि वर्षानुवर्षे काम करून २००१ पर्यंत त्याची पूर्ण डागडुजी केली. अजून पाण्यावर तरंगत असलेले ते सर्वांत जुने ब्रिटिश लढाऊ जहाज आहे. ते वाचले, त्याचे पहिले श्रेय आपल्या सागवानाला. सागाच्या अंगी तेल असते, त्याला पाणी आणि कीड सहजी लागत नाही. आकारानेही ते लहान, म्हणून खर्च आवाक्यातला. पण साग झाला तरी त्याची हेळसांड किती वर्षे सोसेल? त्याच्या फळ्या वेळच्या वेळी पाहणारे कुणी ना कुणी निघाले, हे दुसरे श्रेय.

येथे तर्कशास्त्री विचारतील, की फळ्या बदलत गेले तर जहाज तेच राहते का? अथेन्सच्या लोकांनी थीसियसचे जहाज असेच राखले होते, आणि त्यावर तिथल्या तत्त्वज्ञांनी पुष्कळ वाद घातला, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. आपल्या खेड्यांत हा वाद कुणी घालत नाही. देवळाचा जीर्णोद्धार होतो. भिंती नव्या, सभामंडप नवा, कळसही नवा. तरी आजीला कुणी विचारले तर ती सांगेल, देऊळ पणजोबांच्या वेळचे आहे. ती खोटे बोलत नाही. दर पिढीने त्याला हात लावला आणि कुणी हात काढून घेतला नाही, या अर्थाने ते तेच देऊळ आहे. एखादी गोष्ट ‘तीच’ राहते ती तिच्यातल्या दगडालाकडामुळे थोडी, आणि तिचा सांभाळ खंडित झाला नाही म्हणून अधिक, असे मला वाटते.

सारेच राखावे असे मात्र नाही. दिवाळीच्या आधी आपण माळा झाडतो तेव्हा पुष्कळ काही टाकावेच लागते. नाहीतर घराचे कोठार होईल आणि जिवंत माणसांना पाय ठेवायला जागा उरणार नाही. टाकण्यातही पाप नाही, उघड्या डोळ्यांनी टाकले तर. पण जे ठेवायचे म्हणून आपण म्हणतो, ज्याच्याविषयी बोलताना आपला गळा दाटून येतो, त्याच्या फळ्या वर्षातून एकदा तरी आपण हाताने चाचपून पाहिल्या आहेत का? दिवाळीचे दारूकाम सगळी आळी अंगणात उभी राहून पाहते. देवघरातल्या समईत रोज तेल घालणारा हात कुणी पाहत नाही, आणि तो थांबला तर मात्र सकाळी सर्वांना कळते. या चार दिवसांत दारूकाम जरूर करावे. पाचव्या दिवशी समईत तेल कोण घालते आहे, हेही घरात जरा विचारून घ्यावे, आणि जमल्यास एखादा दिवस ते आपण घालावे.